झेड८०वर सीपी/एम २.२: ३२ केपेक्षा मोठी फाइल टाकली की डिरेक्टरीत भुतं दिसतात

शिसेकथील (धागाकर्ता), शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. झेड८० चिपवर घरी कॉम्प्युटर बनवून त्यावर सीपी/एम ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम चालवतोय. दीड महिना एकाच जागी अडकलोय, म्हणून धागा काढतोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधीच सांगतो, मी सॉफ्टवेअरवाला नाही. पुण्यात इन्व्हर्टर-यूपीएस दुरुस्तीचं दुकान आहे. डिप्लोमाला ८०८५च्या ट्रेनर किटवर दोन आकड्यांची बेरीज केली होती, तेवढंच माझं असेंब्ली. २०२४च्या एप्रिलमध्ये झायलॉग कंपनीने सुटा झेड८० प्रोसेसर बंद करतोय म्हणून जाहीर केलं, १४ जूनपर्यंत शेवटच्या ऑर्डरी. १९७६ साली आलेली चिप अजून बनत होती हेच मला तेव्हा कळलं! मग डोक्यात किडा शिरला.

दुसरं कारण आत्या. ती कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होती. आता ७२ वर्षांची आहे. मोबाइलवर मेसेज टाइप करायचा म्हटलं की वैतागते, पण वर्डस्टार या जुन्या टायपिंगच्या प्रोग्रामची कंट्रोल-के-डी (फाइल साठवायची बटणं) तिची बोटं विसरलेली नाहीत. त्या मशीनवर डॉस होतं की सीपी/एम हे तिला सांगता येत नाही, "ए आणि बाण दिसायचा" एवढंच आठवतं. दिवाळीला ती आमच्याकडे येते. तेव्हा तिला वर्डस्टारसमोर बसवायचं, असा बेत आहे.

तर सामान असं. झेड८०, ६४ के रॅम, सुरुवातीला १६ के ईप्रॉम (बूट झाल्यावर तो बंद होतो आणि खालची रॅम मोकळी होते), सिरियलसाठी ६८बी५०, क्रिस्टल ७.३७२८ मेगाहर्ट्झ. हा विचित्र आकडा मुद्दाम घेतलाय, ६४ने भागला की बरोबर १,१५,२०० येतात, बॉड रेटचं झंझट राहत नाही. डिस्क म्हणून १२८ एमबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड. सगळं झिरो पीसीबीवर. खालच्या बाजूचे फोटो टाकत नाही. डाग मी चांगले देतो, पण तारांचं जे झालंय त्याला शेवयाच म्हणावं लागेल.

पहिला झेड८० तापकीर गल्लीतून आणला. २ मेगाहर्ट्झवर गुणी बाळ, ७.३७वर टाकला की पाच सेकंदांत गप्प. ॲसिटोनचा बोळा फिरवला तर वरची छापील अक्षरं कापसावर आली आणि खाली ४ मेगाहर्ट्झची जुनी खूण निघाली. दुकानदाराला दाखवला तर म्हणतो, "चालतो ना पण?" असो. दुसरा चांगला निघाला.

बायॉस (हार्डवेअरशी बोलणारा भाग) मी इकडचं तिकडचं बघून जमवला. सीसीपी (कमांड वाचणारा भाग) हेक्स डी०००ला, बायॉस ई६००ला. प्रिंटर, पंच, रीडर या तिन्ही रूटीनमध्ये नुसतं आरईटी (काही न करता परत जा) टाकलंय, प्रिंटर कोण लावणार आता. आधी १ एमबीची छोटी डिस्क करून बघितली. महिनाभर झकास चालली. मग एवढं कार्ड वाया का घालवा म्हणून ड्राइव्ह ए ८ एमबीचा केला. तेव्हापासून शनी लागला.

काय होतं: ए> येतं. डीआयआर (फाइलींची यादी), स्टॅट, पिप, डीडीटी चालतात. एमबेसिक चालतं. टर्बो पास्कलची मुख्य फाइल साधारण ३० केची आहे, तीही एक्समोडेमने (सिरियल तारेवरून फाइल पाठवायची पद्धत) येते आणि चालते. पण वर्डस्टारची मोठी ओव्हरले फाइल आली की संपलं. एक्समोडेम शेवटपर्यंत एकही चूक दाखवत नाही. त्यानंतर डीआयआर केलं की यादीच्या शेवटी सात-आठ नावं अशी दिसतात की टर्मिनल शिट्टी वाजवतं. वर्डस्टार मेन्यूपर्यंत येतं, डी दाबला की लटकतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आधी चांगली असलेली एखादी फाइलही मधूनच बिघडते.

डिस्क पॅरामीटर ब्लॉक (डिस्कची मापं सीपी/एमला सांगणारा तक्ता) असा आहे: एसपीटी १२८, बीएसएच ५, बीएलएम ३१, ईएक्सएम ३, डीएसएम २०४३, डीआरएम ५११, एएल० हेक्स एफ०, एएल१ शून्य, सीकेएस शून्य, ओएफएफ १.

कुणाला काही दिसतंय का?


ठिणगी, रविवार, सकाळी ९:१५

कार्ड. डोळे मिटून सांगतो, कार्ड.

घरी केलेल्या सर्किटवर या कार्डांचे नखरे फार. वाचायच्या-लिहायच्या सिग्नलला जरा झटका आला की एखादा बाइट दोनदा घेतात. कार्डच्या सॉकेटला अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा एक आणि १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर लावा. रीसेटनंतर आठ-बिट मोड चालू करताय ना? फीचर रजिस्टरमध्ये ०१ आणि मग कमांड ईएफ. तो विसरला तर प्रत्येक दुसरा बाइट गायब होतो. दुसऱ्या कंपनीचं कार्ड लावून बघा.


शिसेकथील, रविवार, रात्री १०:०५

कपॅसिटर लावले. तीन कंपन्यांची तीन कार्डं झाली. आठ-बिट मोड आहेच, नसता तर ए>सुद्धा दिसलं नसतं. तिन्ही कार्डांवर तीच नाटकं, त्याच फाइलला. वीज खेळत असती तर रोज वेगळ्या जागी खेळली असती. सतरा वर्षं यूपीएस उघडतोय, लूज कॉन्टॅक्ट इतका शिस्तीचा नसतो.


निवृत्त_ठाणे, सोमवार, सकाळी ७:३०

आपला धागा वाचून फार बरे वाटले. १९८४ ते ८७ मी एका कंपनीच्या हिशेब खात्यात सीपी/एमच्या मशीनवर काम केले आहे. भाकरीएवढ्या आठ इंची फ्लॉप्या. ७७ ट्रॅक, ट्रॅकला २६ सेक्टर, सेक्टरला १२८ बाइट. त्यातले पहिले दोन ट्रॅक सिस्टिमचे, उरलेल्यात २४३ के. एवढ्यात आमचे पूर्ण महिन्याचे पगारपत्रक बसे. फ्लॉपी काढताना दिवा चालू असेल तर साहेब हातावर मारत, हे अतिशयोक्ती नाही.

आता मुद्दा. मला आपल्या एएलव्हीवर (वापरातल्या ब्लॉकांची नोंद ठेवायची मेमरी) संशय आहे. बीडॉस (सीपी/एमचा फाइली सांभाळणारा भाग) कोणता ब्लॉक वापरात आहे याची नोंद एका बिटाने ठेवतो. त्यासाठी डीएसएमला (शेवटच्या ब्लॉकचा क्रमांक) आठाने भागून एक मिळवावा लागतो. आपला डीएसएम २०४३, म्हणजे २५५ अधिक १, २५६ बाइट हवेत. १ एमबीच्या डिस्कला ३२ पुरत होते. आपण ते वाढवायचे विसरला असाल तर बीडॉस शेजारच्या मेमरीवर लिहीत सुटला असेल.

शिवाय डिरेक्टरीचे चार ब्लॉक आपण ई५ने भरले होते का? सीपी/एमला रिकामी नोंद म्हणजे ई५. आयबीएमच्या फ्लॉप्या कारखान्यातून ई५ भरूनच येत, ती सवय पुढे राहिली. शून्यांनी भरलेली डिस्क त्याला वापरातली वाटते.


शिसेकथील, सोमवार, दुपारी २:१०

काका, नमस्कार. दुकानात गिऱ्हाईक नाही म्हणून आत्ताच लिस्टिंग काढून बघितलं. एएलव्ही २५६च आहे. तेव्हा वाढवलं होतं. डीएसएम, डीआरएम, एएल०, एएलव्ही या चारही गोष्टी एका बसणीत बदलल्या होत्या, वहीत तारखेसकट लिहिलंय. ई५सुद्धा भरलंय, ती चूक मी अगदी पहिल्या दिवशी करून झालोय. डीआयआरने तेव्हा पानभर रिकामी नावं दाखवली होती.

दिव्याचं वाचून हसलो. माझ्या कार्डालाही एक लाल एलईडी लावलाय.


वाचनमात्र, सोमवार, रात्री ९:००

वाखु (वाचनखूण) साठवली. यातलं ओ की ठो कळत नाही पण धागा सोडवत नाही. एक शंका, हे सीपी/एम असं फुकट उतरवून वापरणं कायद्यात बसतं का?


कोथरूडची_फर्मवेअरवाली, सोमवार, रात्री ११:२०

वाचनमात्र, बसतं. गॅरी किल्डॉलने १९७४ साली लिहिलेली ही सिस्टिम डिजिटल रिसर्च या त्याच्या कंपनीकडून हात बदलत पुढे गेली. २००१ साली लिनिओ कंपनीने एका संकेतस्थळाला ती वाटायची परवानगी दिली होती, पण इतरांचं काय हा घोळ राहिला. जुलै २०२२मध्ये हक्कदार कंपनीच्या ब्रायन स्पार्क्स यांनी तो खुलासा केला. आता कुणीही वापरावी, बदलावी, वाटावी. वर्डस्टारला मात्र ही परवानगी लागू नाही, तो दुसऱ्या कंपनीचा माल.

शिसेकथील, तुम्ही उत्तर पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. "आधी १ एमबीची डिस्क करून बघितली." चार आकडे बदलले म्हणता, पाच बदलायचे होते.

मी आत्ता नाव घेत नाही, कारण नुसता आकडा बदलून चाललं तर तुम्ही कार्डाला शिव्या देणं थांबवाल, पण का झालं ते डोक्यात बसणार नाही. आधी हे करा. डीडीटी (मेमरी बघायचा-बदलायचा प्रोग्राम) सुरू करा, एफ१००,८४एफएफ,५५ द्या. म्हणजे हेक्स १००पासून ८४एफएफपर्यंत सगळीकडे ५५. कंट्रोल-सीने बाहेर या. मग सेव्ह १२८ टी३२.बिन. एक पान २५६ बाइटचं, १२८ पानं म्हणजे बरोबर ३२ के. परत डीडीटी, परत तेच भरणं, मग सेव्ह १३२ टी३३.बिन, म्हणजे ३३ के. दोन्ही फाइलींवर डम्प (फाइलमधले बाइट पत्त्यासकट दाखवणारा प्रोग्राम) चालवा आणि शेवटच्या ओळीचा पत्ता इथे लिहा. डिस्कवर कामाचं काही ठेवू नका.


शिसेकथील, मंगळवार, रात्री १२:३५

ताई, झोप उडवलीत.

टी३२ची शेवटची ओळ ७एफएफ०. टी३३ची शेवटची ओळसुद्धा ७एफएफ०! म्हणजे ३२ केच्या पुढचा १ के गेला कुठे? सेव्ह तर हूं की चूं न करता परत ए>वर आलं होतं. दोनदा करून बघितलं.


कोथरूडची_फर्मवेअरवाली, मंगळवार, सकाळी ८:०५

वाटलंच. आता कागद घ्या.

डिरेक्टरीतली एक नोंद ३२ बाइटची. त्यातले शेवटचे १६ बाइट म्हणजे फाइल कोणकोणत्या ब्लॉकमध्ये आहे त्याची यादी. तुमचा ब्लॉक ४ केचा. १ एमबीच्या डिस्कवर एकूण ब्लॉक २५६, पहिला ट्रॅक सिस्टिमचा म्हणून ४ वजा, डीएसएम २५१. ब्लॉकचा नंबर एका बाइटात मावतो. म्हणून त्या यादीत १६ नंबर बसतात, १६ चोक ६४, एका नोंदीत ६४ के. सीपी/एम १६ केचा एक एक्स्टेंट धरतो, तर एका नोंदीत चार एक्स्टेंट. ईएक्सएम हा त्यातून एक वजा करून लिहायचा आकडा. चार वजा एक, तीन. तुमचा ३ तेव्हा अगदी बरोबर होता.

आता ८ एमबी. ब्लॉक २०४४. नंबर एका बाइटात मावत नाही, दोन लागतात. त्याच १६ बाइटांत आता आठच नंबर. आठ चोक ३२. एका नोंदीत ३२ के, म्हणजे दोन एक्स्टेंट. ईएक्सएम १ हवा. तुमचा ३च राहिला.

बीडॉसला वाटतं यादीत १६ खुर्च्या आहेत, असतात आठ. नववा ब्लॉक आला की तो यादीच्या बाहेर पाय टाकतो. फाइल कंट्रोल ब्लॉकमध्ये यादी १६व्या बाइटपासून ३१व्यापर्यंत. ३२व्या बाइटवर कोण बसतं? सीआर, चालू रेकॉर्डचा क्रमांक. म्हणजे ३२ के ओलांडल्यावर बीडॉस रेकॉर्डच्या क्रमांकालाच ब्लॉकचा नंबर समजतो. पुढचा बाइट शून्य असला तर रेकॉर्ड १ गेला ब्लॉक १मध्ये, रेकॉर्ड २ ब्लॉक २मध्ये, ३ गेला ३मध्ये. आणि ब्लॉक ० ते ३ कशाचे आहेत तुमच्याकडे?


शिसेकथील, मंगळवार, सकाळी ८:२०

डिरेक्टरीचे. एएल० एफ०, चार बिट, चार ब्लॉक. ५१२ नोंदी गुणिले ३२, १६ के. अरे देवा!

मग रेकॉर्ड ४पासून पुढे दुसऱ्या फाइली. म्हणून चांगली फाइल मधूनच बिघडत होती. आणि वाचताना सीआर शून्य, ब्लॉक शून्य, म्हणजे "इथे काही नाही", म्हणून डम्प ७एफएफ०ला थांबला. बरोबर ना?


कोथरूडची_फर्मवेअरवाली, मंगळवार, सकाळी ८:३१

बरोबर. आणि म्हणता सॉफ्टवेअरवाला नाही.

ईएक्सएम १ करा, सिस्टिम ट्रॅक परत लिहा, डिरेक्टरी पुन्हा ई५ने भरा, सगळं पहिल्यापासून कॉपी करा. जुन्या डिरेक्टरीवर दयामाया नको.


ठिणगी, मंगळवार, सकाळी १०:४०

कार्डाची माफी मागतो.


निवृत्त_ठाणे, मंगळवार, सकाळी ११:१५

वा! आम्ही तीन वर्षे ते मशीन वापरले, पण ईएक्सएम हे नाव आज प्रथम ऐकले. आम्हाला कंपनीचा माणूस येऊन सगळे भरून देई आणि आम्ही फक्त चहा देत असू.

एक सूचना. वर्डस्टारमध्ये डॉक्युमेंट म्हणून फाइल उघडली तर तो शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट स्वतःच्या कामासाठी वापरतो. त्या फाइलीवर टाइप कमांड चालवली तर शब्दांची शेवटची अक्षरे चमत्कारिक दिसू शकतात. घाबरून पुन्हा डिस्क पुसू नका. साधा मजकूर हवा तर मेन्यूत डीऐवजी एन दाबावा. याच आठव्या बिटामुळे त्यात देवनागरीचे नाव काढायची सोय नव्हती. ती मजा आम्हाला पुढे पीसीत सी-डॅकचे जिस्ट कार्ड आल्यावर मिळाली.


शिसेकथील, दिवाळीच्या पाडव्याचा दुसरा दिवस, रात्री १०:५०

उशीर झाला, क्षमस्व. दिवाळीत इन्व्हर्टरवाल्याला श्वास घ्यायला वेळ नसतो.

ईएक्सएम १ केला त्याच रात्री टी३३ची शेवटची ओळ ८३एफ० आली. मग वर्डस्टारच्या सगळ्या फाइली एक्समोडेमने टाकल्या. १२८ बाइटचा एक गठ्ठा, एक एलईडीची फडफड. हे १२८ म्हणजे फ्लॉपीचा सेक्टर, असं काकांच्या हिशेबावरून पहिल्यांदा नीट डोक्यात गेलं. डीआयआर स्वच्छ. भुतं गेली.

आज भाऊबीज. जेवणं झाल्यावर आत्याला वरच्या खोलीत नेलं. टर्मिनल म्हणून जुना लॅपटॉप लावलाय, पण की-बोर्ड मुद्दाम जुना, खट्खट् वाजणारा जोडला होता. तिने आधी चष्मा पुसला. मग ए>कडे बघून म्हणाली, "हे हिरवं असायचं." लॅपटॉपवर रंग बदलून दिला. डब्ल्यूएस तिने स्वतः टाइप केलं, मी सांगायच्या आत. डी दाबला, फाइलचं नाव विचारलं तर पत्र१ असं इंग्रजी अक्षरांत दिलं. आणि मग रोमन लिपीत, न बघता, "महोदय, आपले दिनांक अमुकचे पत्र मिळाले" असं सुरू केलं. कारखान्याचं नाव, खाली "आपला विश्वासू", सगळं. दहा ओळी. दोनदा कंट्रोल-वाय करून ओळ उडवली, वर-खाली जायला कंट्रोल-ई आणि एक्स. बाण असलेल्या बटणांना तिने हातसुद्धा लावला नाही. मी लावला असता तर कदाचित अडकलो असतो, ती बटणं मी अजून जुळवलेली नाहीत.

मग कंट्रोल-के-डी. एलईडी लुकलुकला, मेन्यू परत आला. मला वाटलं झालं. मी मोबाइल काढून फोटो घेणार, तेवढ्यात तिने पी दाबला, फाइलचं नाव दिलं, एंटर मारला. स्क्रीनवर क्षणभर छापतोय असं आलं आणि परत मेन्यू. आत्या खुर्चीत मागे वळून टेबलाखाली बघायला लागली.

"कागद कुठून येतो रे?"

लिस्टच्या, म्हणजे प्रिंटरच्या रूटीनमध्ये नुसतं आरईटी आहे, हे तिला कसं सांगणार. मी म्हटलं प्रिंटर दुरुस्तीला गेलाय. ती म्हणाली, तेव्हाही जायचा.

तर मंडळी, पुढचा प्रश्न. नऊ पिनांचा एक डॉट मॅट्रिक्स दुकानाच्या माळ्यावर पडलाय, रिबन वाळलेली पण हेड चांगलं. सेंट्रॉनिक्ससाठी (प्रिंटरची समांतर जोडणी) झेड८० पीआयओ चिप लावू की दोन लॅचवर भागेल? बिझीची लाइन लिस्टएसटीमध्ये (प्रिंटर तयार आहे का सांगणारं रूटीन) वाचायची एवढं कळलंय, स्ट्रोबचं कळत नाहीये. आत्या तुळशीच्या लग्नापर्यंत आहे.